कोल्हापूरकरांनी गोल्फ स्पर्धा भरवायची तर: तारखेपासून हिशेबापर्यंत

फुटबॉलची स्पर्धा कशी भरवायची हे कोल्हापूरला शिकवावं लागत नाही. शाहू स्टेडियम मिळालं, दोन तालमी उतरल्या, पंचानं शिट्टी फुंकली की बाकीचं गॅलरी बघून घेते. खासबागेतल्या कुस्तीचंही तेच. सगळं डोळ्यासमोर घडतं आणि निकाल तिथल्या तिथे लागतो.

गोल्फचं गणित उलटं आहे. साठ-सत्तर खेळाडू एकाच वेळी खेळत असतात, तेही एकमेकांच्या नजरेआड. प्रत्येक गटामागे पंच नसतो. फटके खेळाडूच मोजतात आणि खेळाडूच लिहितात. पहिला कोण आला, हे शेवटचं कार्ड टेबलावर येईपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे एखादी गोष्ट आधी ठरवायची राहिली, तर ती त्या दिवशी मैदानात पळापळ करून दुरुस्त होत नाही. एखादा क्लब, माजी विद्यार्थ्यांचा गट किंवा शिरोली-गोकुळ शिरगावच्या उद्योजकांची मंडळी पहिल्यांदाच अशी स्पर्धा घेणार असतील, तर कामं कुठल्या क्रमानं उरकायची ते इथे सांगतो.

स्पर्धा कशासाठी?

मदतनिधी उभा करायचा आहे, ग्राहक-पाहुण्यांना खूश करायचं आहे, की खरोखर सगळ्यांत चांगला खेळणारा शोधायचा आहे? तिन्ही एकदम साधायला गेलात तर खेळणारे वैतागतात आणि पाहुणे कंटाळतात. मुख्य हेतू एकच ठरवा आणि समितीच्या पहिल्या बैठकीत तो कागदावर लिहून घ्या. पुढे प्रत्येक वादात तो कागद कामी येतो. समितीही छोटीच ठेवा: पैसे बघणारा एक, खेळ बघणारा एक आणि व्यवस्था बघणारा एक. खेळ बघणाऱ्याला गोल्फ नीट येत असलाच पाहिजे. उरलेल्या दोघांना नसला येत तरी चालतो, उलट ते शांतपणे काम करतात.

तारीख

जून ते सप्टेंबर विसरा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव कधी येईल याचा नेम नसतो, आणि वळवाबरोबर वीज असते. उघड्या माळावर हातात लोखंडी काठी घेऊन उभं राहण्याची ती वेळ नव्हे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पण त्यातही आपल्याकडच्या अडचणी आहेतच. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम ऐन भरात असतो, त्यामुळे त्या क्षेत्रातली माणसं मोकळी नसतात आणि पहाटेच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. लग्नाच्या दाट तिथी टाळा. मार्च उजाडला की फाउंड्रीवाल्यांना वर्षअखेरीशिवाय दुसरं काही सुचत नाही.

तारीख निदान तीन-चार महिने आधी पक्की करा. मैदानाकडून ती लेखी घेतल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

मैदान आणि त्याच्याशी करार

जवळचं छोटं नऊ होलचं मैदान घ्यायचं (चेंडू खड्ड्यात घालायचा एकेक टप्पा म्हणजे होल, पूर्ण फेरी अठराची), की पुण्याला जायचं? पुण्यात येरवड्याचं पूना क्लबचं गोल्फ मैदान आणि बावधनकडचं ऑक्सफर्ड, दोन्ही १८ होलची आहेत. पण कोल्हापूरहून पुणे साधारण २३० किलोमीटर. म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम आला, आणि प्रवेश फी ठरवताना तोही धरावा लागतो. खेळाडू चाळीसच्या आत असतील तर नऊ होल दोनदा खेळायला काही हरकत नाही. गर्दी वाढली की मात्र नऊ होलवर खोळंबा होतो.

मैदानाशी बोलताना दराआधी हे प्रश्न विचारा. त्या दिवशी पूर्ण मैदान आपल्याला मिळणार, की सभासदही मध्येमध्ये खेळणार? खेळाडूंची बॅग वाहणारे कॅडी किती मिळतील आणि त्यांचे पैसे कुणी, कसे द्यायचे? कार्ट, म्हणजे मैदानात फिरायच्या गाड्या, किती आहेत? सराव पट्टा पहाटे किती वाजता उघडतो? होलची जागा आणि टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, कोण लावणार? आणि सगळ्यांत महत्त्वाचं: किमान किती खेळाडूंचे पैसे भरावेच लागतील?

या शेवटच्या प्रश्नावर बजेट कोसळतं, म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, दरडोई खर्च ४,५०० रुपये, ठरावीक खर्च २ लाख आणि प्रवेश फी ६,०००. ६४ खेळाडू आले तर खर्च ४ लाख ८८ हजार, फी ३ लाख ८४ हजार, तूट १ लाख ४ हजार. ती प्रायोजकांनी भरायची. आता खेळाडू ४८च आले. दरडोई खर्चही ४८ जणांचाच द्यावा लागला तर तूट १ लाख २८ हजार, म्हणजे फार बिघडलं नाही. पण तुम्ही ६४ जणांची हमी लिहून दिली असेल, तर खर्च ४ लाख ८८ हजारच राहतो, फी येते २ लाख ८८ हजार, आणि तूट पोचते २ लाखांवर. म्हणून हमीचा आकडा कमी ठेवा, आणि अंतिम आकडा स्पर्धेच्या आठवडाभर आधी कळवायची मुभा करारात घाला.

पैसा

मित्रमंडळींत "मी येतो रे, धर माझं नाव" हे वाक्य फार स्वस्त आहे. फी जमा झाली तरच नाव यादीत, हा नियम अध्यक्षांनाही लावा.

प्रायोजकाला काय विकायचं याची यादी आधी करा: मुख्य नाव, एकेका होलवरचा फलक, टोप्या, चेंडू, जेवण, कॅडींचे टी-शर्ट. होलचे फलक सहज खपतात, कारण रक्कम छोटी असते आणि अठरा जणांना सामावून घेता येतं. फलक टीच्या मागे लावा. फटक्याच्या दिशेत किंवा खेळणाऱ्याच्या डोळ्यासमोर फडफडणारं कापड नको.

मदतनिधीसाठी स्पर्धा असेल तर देणगी आणि प्रायोजकत्व यांची सरमिसळ करू नका. फलकाच्या बदल्यात घेतलेले पैसे म्हणजे जाहिरातीची विक्री. त्यावर जीएसटीचा प्रश्न येतो. देणगीची करसवलतीची पावती (८०जी म्हणून ओळखली जाणारी) नोंदणीकृत आणि तशी मान्यता असलेली संस्थाच देऊ शकते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. कंपन्यांकडे जाताना आणखी एक लक्षात ठेवा: स्वतःची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, खर्चात धरता येत नाही. "साहेब, सीएसआरमधून द्या, फलक मोठा लावतो" असं म्हणालात तर समोरचा सीए हसेल. पहिली पावती फाडण्याआधीच आपल्या सीएला गाठा.

खेळाचा प्रकार आणि हँडिकॅप

नवख्या संयोजकांची सगळ्यांत जास्त फजिती इथे होते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सरळ सगळे फटके मोजायचे, म्हणजे स्ट्रोक प्ले, हे मिश्र गर्दीसाठी वाईट. एखादा नवशिक्या एका होलवर तेरा-चौदा फटके मारत बसतो आणि मागचे तीन गट टीवर ताटकळतात. त्याऐवजी स्टेबलफोर्ड घ्या. फ्रँक स्टेबलफोर्ड या इंग्लंडमधल्या डॉक्टरची ही पद्धत १९३२मध्ये वॅलसी क्लबवर रूढ झाली. हँडिकॅपचे, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीचे, फटके वजा करून बोगी (पारपेक्षा, म्हणजे त्या होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, एक जास्त) आली तर १ गुण, पारला २, बर्डीला (एक कमी) ३, ईगलला (दोन कमी) ४. दोन जादा किंवा त्याहून वाईट झालं तर शून्य. शून्य नक्की झालं की चेंडू उचलून खिशात टाकायचा आणि पुढच्या होलवर जायचं. वेळ वाचतो, माणसाची लाजही वाचते.

पाहुणे जास्त आणि खेळणारे कमी असतील तर चौघांचा स्क्रॅम्बल. चौघंही मारतात, त्यातला उत्तम चेंडू निवडतात आणि पुढचा फटका चौघंही तिथूनच मारतात. प्रत्येक खेळाडूचे निदान दोन-तीन टी-शॉट वापरलेच पाहिजेत अशी अट घाला, म्हणजे एकट्या पहिलवानाच्या जिवावर संघ जिंकणार नाही.

आता हँडिकॅप. २०२०पासून जागतिक हँडिकॅप पद्धत सुरू झाली. त्यात खेळाडूचा इंडेक्स, म्हणजे त्याच्या खेळाच्या पातळीचा आकडा, असतो, जास्तीत जास्त ५४.०, आणि मैदानाला कोर्स रेटिंग व स्लोप असतो, दोन्ही मैदान किती अवघड ते सांगणारे आकडे. सूत्र असं: इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले ११३, अधिक (कोर्स रेटिंग वजा पार). समजा इंडेक्स १८.४, स्लोप १२५, रेटिंग ७१.२ आणि पार ७२. १८.४ गुणिले १२५ भागिले ११३ म्हणजे २०.३५. त्यातून ०.८ गेले, राहिले १९.५५. वैयक्तिक स्टेबलफोर्डला याच्या ९५ टक्के धरतात, म्हणजे १८.५८, पूर्णांकात १९. हा खेळाडू प्रत्येक होलला एक फटका घेतो, आणि कार्डावर स्ट्रोक इंडेक्स १ असलेल्या सगळ्यांत अवघड होलला दोन. चौघांच्या स्क्रॅम्बलला संघाचा हँडिकॅप काढताना कमी हँडिकॅपपासून चढत्या क्रमानं २५, २०, १५ आणि १० टक्के घ्यायचे. ८, १४, २० आणि २६ हँडिकॅपच्या चौघांचे होतात २, २.८, ३ आणि २.६, बेरीज १०.४, म्हणजे १०.

पण कोल्हापुरात अर्ध्या लोकांकडे चालू इंडेक्सच नसेल तर? "मी चोवीसवर खेळतो" हे तोंडी ऐकून घेऊ नका. इथे दुहेरी पिओरिया पद्धत कामाला येते. समितीतला एकच माणूस गुपचूप १२ होल निवडतो: पहिल्या नवातले सहा, दुसऱ्या नवातले सहा, दोन्हीकडे पारची बेरीज २४. ती यादी पाकिटात सीलबंद करून आदल्या दिवशीच तिऱ्हाइताकडे द्यायची. खेळ संपल्यावर पाकीट फोडायचं. त्या १२ होलवरच्या फटक्यांना दीडनं गुणायचं, त्यातून मैदानाचा पार ७२ वजा करायचा आणि उत्तराच्या ८० टक्के हा त्या दिवसाचा हँडिकॅप. १२ होलवर ६६ फटके झाले असतील तर दीडपट ९९, वजा ७२ म्हणजे २७, त्याचे ८० टक्के २१.६. एकूण ९७ मारलेले असतील तर नेट, म्हणजे हँडिकॅप वजा जाता, ७५.४. यात नशिबाचा भाग आहे, हे उघडच आहे. पण कुठले होल मोजले जाणार हे माहीत नसल्यामुळे हँडिकॅप फुगवून येणाऱ्यांची डाळ शिजत नाही. एका होलवर जास्तीत जास्त किती फटके धरायचे, समजा पारच्या दुप्पट, हे मात्र आधी जाहीर करा. या पद्धतीत होल पूर्ण करावाच लागतो, तेव्हा ही मर्यादाच खेळ पुढे ढकलते.

इंडेक्स असलेले एका विभागात आणि पिओरियावाले दुसऱ्या विभागात ठेवलेत तर निम्मे वाद जन्मालाच येत नाहीत.

ड्रॉ आणि सुरुवात

दोन मार्ग आहेत. पहिला, १ आणि १० नंबरच्या टीवरून दहा-दहा मिनिटांनी गट सोडायचे. १६ गट असतील तर प्रत्येक टीवर आठ, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या गटात ७० मिनिटांचं अंतर. पहिले आलेले जेवून घरी जातात आणि बक्षीस समारंभाला खुर्च्या रिकाम्या. दुसरा, शॉटगन स्टार्ट: प्रत्येक गट वेगवेगळ्या होलवर उभा आणि भोंगा वाजला की सगळे एकदम सुरू. सगळे जवळपास एकदमच संपवतात. जेवण आणि बक्षीस समारंभ नीट व्हायचा असेल तर हाच घ्या, मात्र यासाठी मैदान पूर्ण आपल्याच ताब्यात हवं.

शॉटगनला चौघांच्या गटांना साडेचार ते पाच तास लागतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि त्यात धुकंही असू शकतं, तेव्हा साडेसातचा भोंगा ठरवा. ६४ खेळाडूंचे १६ गट म्हणजे दोन होल रिकामे राहतात. ते मुद्दाम पार तीनचे ठेवा. मैदान तुंबतं ते पार तीनवरच, कारण पुढचा गट ग्रीनवरून, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या हिरवळीवरून, उतरेपर्यंत मागच्याला मारताच येत नाही. १८पेक्षा जास्त गट झाले तर जादा गट पार पाचच्या होलवर ए आणि बी करून लावा. पार तीनवर दोन गट कधीच नकोत.

गट पाडताना प्रत्येकात निदान एक जाणता खेळाडू हवा. चार नवशिके एकत्र आले तर कार्ड कसं लिहायचं तेही कळत नाही. दोन भागीदार, किंवा येणं-देणं अडकलेले दोन व्यापारी एकाच गटात नकोत. ही माहिती कुठल्याच फॉर्मवर मिळत नाही. त्यासाठी समितीत गावातला सगळ्यांना ओळखणारा एक माणूस लागतो.

ड्रॉ, म्हणजे गटांची यादी, आदल्या संध्याकाळी जाहीर करा आणि नंतर बदलू नका. "अण्णा, मला जरा पाटीलसाहेबांबरोबर टाका की" असे फोन येणारच. पहिल्याला हो म्हणालात की रात्री बारापर्यंत फोन खाली ठेवता येत नाही.

नियमांचा एक कागद

एकच पान, मराठीत, मोठ्या अक्षरात. स्पर्धेचा प्रकार, कुणी कुठल्या टीवरून मारायचं, बरोबरी झाली तर काय, शंका असेल तर कुणाला फोन करायचा. २०१९च्या नियमांपासून हरवलेला चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात, हे ठळक लिहा. जुने खेळाडू अजून पाच मिनिटं झुडपं झोडपत असतात. चेंडू हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर परत टीवर जाण्याऐवजी दोन फटक्यांचा दंड घेऊन फेअरवेच्या, म्हणजे गवत कापलेल्या मधल्या पट्ट्याच्या, बाजूला पुढे चेंडू ड्रॉप करण्याची (हातातून खाली सोडण्याची) मुभा देणारा स्थानिक नियम समितीला लागू करता येतो. हौशी स्पर्धेत तो जरूर करा. दुरुस्तीखालची जमीन पांढऱ्या चुन्यानं आखून घ्या.

भोंग्याचे संकेतही लिहा: एक लांब म्हणजे धोका, खेळ ताबडतोब थांबवा, तीन छोटे म्हणजे साधी स्थगिती, दोन छोटे म्हणजे पुन्हा सुरू. हलगी लावून सुरुवात करायची हौस कुणाला तरी येईलच. ती बक्षीस समारंभाला ठेवा. टाळ्या-शिट्ट्यांवर वाढलेल्या स्वयंसेवक पोरांना हेही सांगावं लागतं: कुणी फटका मारत असताना हलायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइल बंद, आणि "फोर!" हा चेंडू येत असल्याचा इशारा ऐकू आला की वर न बघता डोकं झाकून खाली बसायचं.

बक्षिसं

हँडिकॅपवर ठरणाऱ्या स्पर्धेत हौशी खेळाडूला रोख बक्षीस घेता येत नाही. वस्तूंनाही किमतीची मर्यादा आहे: २०२२पासूनच्या हौशी दर्जाच्या नियमांत ती ७०० पौंड किंवा १,००० डॉलर. आपल्याला त्याची अडचण नाही. हुपरीच्या चांदीकामातला छोटा करंडक किंवा कुस्तीसारखी चांदीचा मुलामा दिलेली गदा द्या. परगावचे खेळाडू ती दिवाणखान्यात मिरवतील. पिनच्या (होलमधल्या झेंड्याच्या) सर्वांत जवळ आणि सर्वांत लांब ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) ही दोन बक्षिसं ठेवाच, नवशिक्यालाही त्यात संधी असते. पहिल्यासाठी टेप घेतलेला स्वयंसेवक ग्रीनजवळ उभा करा. खेळाडूच मोजत बसले की मागचा गट खोळंबतो.

होल-इन-वनला, म्हणजे पहिल्याच फटक्यात चेंडू खड्ड्यात घालणाऱ्याला, मोटार ठेवायची असेल तर विमा घ्या. हौशी खेळाडूला साधारण साडेबारा हजार फटक्यांत एकदा ते जमतं असं धरतात. ६४ जणांनी एकेक फटका मारला तर शक्यता दोनशेत एकाच्या आसपास. लांबची वाटते, पण मोटार तुमच्या खिशातून द्यायची असेल तर तेवढीही झोप उडवायला पुरेशी आहे. विमा कंपनी होलचं अंतर, खेळाडूंची संख्या आणि साक्षीदार याबद्दल अटी घालते. त्या वाचून त्या होलवर एक जबाबदार माणूस दिवसभर बसवा.

जेवणखाण

सकाळी पोहे, उप्पीट, केळी, चहा. मिसळीचा मोह आवरा. कटावर ताव मारून पहिल्या टीवर उभं राहिलेल्याचे हाल बघवत नाहीत. दर चार-पाच होलला पाणी, लिंबू सरबत, शेंगदाणा चिक्की. तांबडा-पांढरा दुपारी, शाकाहारी मंडळींची पंगत वेगळी. भेटपिशवीत गूळ किंवा कोल्हापुरी चपला दिल्या तर बाहेरून आलेल्यांना आनंद होतो, फक्त चपलांचा नंबर नोंदणीच्या फॉर्मवरच विचारून ठेवा. मद्य ठेवणार असाल तर परवान्याचं काम आधी उरका, आणि ते खेळ संपल्यावरच.

त्या दिवशी

स्वयंसेवक साडेपाचला हजर. नोंदणीच्या टेबलावर आडनावाच्या क्रमानं पाकिटं: कार्ड, नियमांचं पान, होल नंबर. कार्डावर नाव आणि हँडिकॅप आधीच छापलेले असू द्या. सव्वासातला गट आपापल्या होलकडे सोडा. उद्घाटनाची भाषणं पाच मिनिटांत संपवा. पाहुण्यांना सत्कार हवाच असेल तर तो जेवणानंतर, उजेड कुणासाठी थांबत नाही.

मैदानात दोन मार्शल फिरते ठेवा. गट रेंगाळतोय की नाही हे त्याच्या मागच्या गटाकडे बघून ठरवू नका. पुढचा गट दिसत नसेल तर रेंगाळतोय. मग ओरडायचं नाही, "दादा, जरा पुढच्यांना गाठूया" एवढंच. रुग्णवाहिका किंवा निदान एक डॉक्टर आणि गाडी मैदानातच हवी. जवळच्या कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हे ड्रायव्हरला आदल्या दिवशी दाखवून ठेवा.

कार्डं आणि निकाल

कार्डावर खेळाडूची आणि त्याचे फटके लिहिणाऱ्या मार्करची, अशा दोन सह्या तपासल्याशिवाय कार्ड घेऊ नका. प्रत्येक होलचे फटके बरोबर आहेत ही खेळाडूची जबाबदारी, बेरीज आणि हँडिकॅपचं गणित समितीचं. दोघं बसा: एक वाचतो, दुसरा संगणकात भरतो, मग उलट तपासणी. संगणकातलं हिशेबाचं पत्रक आधी दहा-बारा खोट्या कार्डांवर चालवून बघा.

बरोबरी झाली तर शेवटचे नऊ होल, मग सहा, मग तीन, मग अठरावा असं मागून मोजतात. शॉटगनला प्रत्येकाचे शेवटचे होल वेगळे असतात, म्हणून कार्डावरचे १० ते १८ हेच धरायचे, असं नियमांच्या पानावर आधीच लिहा. निकालाचा तक्ता जेवणाच्या मांडवात लावा, हरकतीला पंधरा मिनिटं द्या आणि मगच माइक हातात घ्या.

नंतरचं

कॅडींचे आणि मैदानावरच्या कामगारांचे पैसे त्याच दिवशी, हातात, सही घेऊन. प्रायोजकांना आठवड्याच्या आत फोटो, त्यांच्या फलकासकट. निधी ज्या संस्थेला द्यायचा तिला धनादेश देण्याआधी जमा-खर्च सगळ्या खेळाडूंना पाठवा, तूट आली असेल तरी. आणि फिरती ट्रॉफी विजेत्याच्या घरी जाण्याआधी तिच्यावर नाव-वर्ष कोरून घ्या, फोटो काढा आणि पुढच्या वर्षी कुठल्या तारखेपर्यंत परत करायची ते त्याच्याकडून लिहून घ्या.